वजन उतरत असताना नेटके कपडे : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी वजन कमी करायला सुरुवात केली, तेव्हा मला डबल एक्सएल मापाचा, म्हणजे छातीला ४४ इंचांचा कुडता लागत असे; आज ३८ इंचांचा पुरतो आणि सैलसर हवा असेल तर ४० इंचांचा घेते. या सबंध काळात बँकेतील नोकरीमुळे रोज लोकांसमोर नीटनेटके बसणे भाग होते, आणि कपड्यांवर महिन्याला सरासरी ८०० रुपयांपेक्षा अधिक खर्च करायचा नाही असे मी ठरवले होते. कोणत्या कपड्यांनी साथ दिली, कोणत्या कपड्यांवर पैसे घालण्यात अर्थ नव्हता आणि शिंप्याकडून काय करून घेता येते, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे. आहार, चालणे, व्यायाम यांविषयी येथे काही लिहिलेले नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. वजन उतरत असताना बांधून घालायचे कपडे सर्वांत स्वस्त पडतात. साडी, नाडीची सलवार, बांधायचे बंद लावलेला अंगरखा पद्धतीचा कुडता, पुढून उघडी बिनबाह्यांची कोटी हे कपडे माप विचारत नाहीत. अंगावर जसे बांधाल तसे बसतात. आपल्याकडे पूर्वी बाराबंदी होती, नऊवारी होती, धोतर होते, आणि एकच वस्त्र अनेक वर्षे, कधी घरातल्या दोघांतिघांच्याही अंगावर चालत असे, त्यामागे हेही एक कारण असणार. याउलट मापाला बेतलेला कपडा दर दोन-तीन महिन्यांनी शिंप्याकडे न्यावा लागतो. म्हणून मधल्या काळात विकत घ्यायचे ते बांधायचे कपडे, आणि मापाचे जे घरात आहेत ते आटवून, म्हणजे शिवणी आत घेऊन लहान करून, वापरायचे, हे धोरण मी ठेवले आणि ते आजही बदललेले नाही.

आटवण्याचा हिशेब समजून घेतला की बरीच काळजी कमी होते. आपल्याकडील तयार कुडत्यांची मापे बहुधा दोन-दोन इंचांनी चढतात : एस ३६, एम ३८, एल ४०, एक्सएल ४२ आणि डबल एक्सएल ४४. दोन्ही बाजूंच्या शिवणींत अर्धा-अर्धा इंच आत घेतला, तर पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग दोन्हीकडून अर्ध्या इंचाने कमी होतात आणि एकूण घेर दोन इंचांनी, म्हणजे बरोबर एका मापाने उतरतो. आमच्या पेठेतील शिंपीकाका एका कुडत्याच्या दोन्ही बाजू घ्यायला ८० रुपये घेतात. नवा बरा कुडता ७००-८०० रुपयांच्या खाली येत नाही, हे लक्षात घेतले तर एका नव्या कुडत्याच्या किमतीत घरातले आठ-नऊ कुडते एका मापाने लहान होतात. पहिल्या खेपेलाच त्यांनी सांगितले, “ताई, आतले कापड कापत नाही, माया तशीच ठेवतो आणि टीपही मोठी मारतो, दिवाळीनंतर तुम्ही पुन्हा येणारच.” मोठ्या टाक्याची टीप पुढच्या वेळी ब्लेडने सहज उसवते, आणि न कापलेली माया, म्हणजे शिवणीच्या आतले जादा कापड, पुढे कधी वजन वाढले तर उपयोगी पडते. मात्र कुडत्याला बाजूला कट असेल, तर नवी शिवण कटाच्या टोकापर्यंत हळूहळू निमुळती नेऊन मिळवावी लागते. घाईत हे नीट झाले नाही, तर कटाच्या वर एक फुगा येतो आणि तो इस्त्रीनेही बसत नाही. कपडा हातात घेताना आधी हीच जागा पाहावी. शिवणीत खिसा असेल तर तो जातो, हे धरून चालावे.

हा उपाय एका मापापर्यंत उत्तम आणि दोन मापांपर्यंत चांगला चालतो. त्यापुढे खांदा आडवा येतो. मापागणिक खांदा साधारण अर्ध्या इंचाने बदलतो, त्यामुळे ४४ चा कुडता ३८ ला आणला की दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच खांदा दंडावर उतरतो आणि मुंढा, म्हणजे बाही जोडलेली जागा, काखेच्या खाली लोंबतो. बाजू कितीही घट्ट केल्या तरी असा कपडा दुसऱ्याचा मागून आणल्यासारखाच दिसतो. बाही काढून मुंढा वर घेऊन पुन्हा लावता येते, पण त्याला २५० ते ३०० रुपये पडतात, आणि तेवढ्या मोलाचा कुडता नसेल तर तो खर्च करू नये असे माझे मत आहे. म्हणून कपाटातील प्रत्येक कुडता घालून मी आधी फक्त खांदा पाहिला. ज्यांचे खांदे मुळातच थोडे आवळ होते ते सर्वांत अधिक काळ टिकले. ज्यांचे खांदे पहिल्या दिवशीच सैल होते त्यांच्यावर शिलाईचे पैसे घातलेच नाहीत.

कापडाचाही भाग यात मोठा आहे. मंगळगिरी, खादी आणि साधे हातमागाचे सुती कापड उसवून पुन्हा शिवले तरी एका धुण्यात सुईची छिद्रे बुजतात. रेशीम, सॅटिन आणि ऑर्गंझा यांवर ती कायम दिसतात, त्यामुळे रेशमी कुडता पुन्हापुन्हा आटवण्याच्या भानगडीत पडू नये. वजन स्थिर झाल्यावर एकदाच काय ते करावे. बाजूने नक्षी किंवा काठ असलेल्या कुडत्याची नक्षी शिवणीत अर्धी जाते आणि ते विद्रूप दिसते. कळ्यांच्या कुडत्यात प्रत्येक कळीच्या शिवणीत थोडे-थोडे घेता येत असल्यामुळे तो सुरेख बसतो, पण मजुरीही त्याच प्रमाणात वाढते. गौरी-गणपतीच्या आधी, दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत शिंपी दुरुस्तीची कामे घेत नाहीत, किंवा घेतलीच तर मागे टाकतात. हा अनुभव बहुतेक सर्वांना असेल. मी एका वेळी धुऊन इस्त्री केलेले तीन-चार कुडते आडदिवशी नेऊन देत असे.

साडीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण वर्षभराच्या खर्चात तिने सर्वांत अधिक बचत केली. साडेपाच मीटरचे वस्त्र तेच राहते. कंबर आणि नितंब उतरले की एखादी निरी जास्त पडते किंवा पदर वीतभर लांब येतो, इतकाच काय तो फरक. पूर्वी मी सणासुदीलाच साडी नेसत असे. या वर्षी आठवड्यातून दोन दिवस ठरवून नेसू लागले आणि आईच्या कपाटातील नारायणपेठ व इरकली साड्या त्या निमित्ताने बाहेर निघाल्या. कडक खळ घातलेली सुती साडी कमरेपाशी फुगते, म्हणून खळ अगदी हलकी ठेवली. परकर मात्र बदलले पाहिजेत. पूर्वीच्या घेराचा परकर नाडीने आवळला की सगळ्या चुण्या पोटावर गोळा होतात आणि निऱ्या पुढे येतात. तुळशीबागेत सहा कळ्यांचा सुती परकर २००-२५० रुपयांत मिळतो, आणि या किमतीत दिसण्यात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. साडीखाली घालायचे ताणाचे आधुनिक परकर मी मुद्दाम घेतले नाहीत, कारण ते मापाचे असतात आणि दोन महिन्यांत ढिले पडले असते.

साडीची खरी अडचण ब्लाउजची आहे. आपल्याकडे ब्लाउज शिवताना बाजूला दोन-तीन टिपा आणि भरपूर माया ठेवण्याची पद्धत आहे, पण ती मुख्यतः पुढे अंग भरले तर उसवता यावे म्हणून. उलट दिशेने जाताना तिचा उपयोग मर्यादित होतो. बाजू घेतल्या की घेर बसतो, परंतु छातीवरची खोळ तशीच राहते आणि तिथे चुण्या पडतात. प्रिन्सेस कटमध्ये छातीवरून जाणारी लांब शिवणच आत घेता येते, त्यामुळे तो दोन मापांपर्यंत चांगला उतरतो. साध्या टक्सच्या ब्लाउजचे टक्स, म्हणजे छातीखालच्या शिवलेल्या चिमट्या, खोल करून काम भागते. कटोरी ब्लाउजची वाटी वेगळी कापलेली असल्याने तो मला एकदाही मनासारखा आटवून मिळाला नाही. शेवटी काळा, मातकट लाल आणि सोनेरी अशा तीन रंगांत ताणाच्या कापडाचे तयार ब्लाउज घेतले. प्रत्येकी साधारण ४०० रुपये पडले आणि वर्षभर बहुतेक साड्यांवर तेच चालले. त्यांत उन्हाळ्यात घाम फार येतो आणि दंडाची किनार धुण्याने सुटू लागते. पण मधल्या काळासाठी याहून सोयीचा पर्याय मला दिसला नाही. जुळते रेशमी ब्लाउज शिवून घेण्याचे काम मी पुढे ढकलले आहे.

अंगरखा पद्धतीचे दोन कुडते एका हातमाग प्रदर्शनातून घेतले होते. पुढचे एक पान दुसऱ्यावर येते आणि बंद काखेखाली बांधला जातो, त्यामुळे अंग उतरत गेले तसे वरचे पान अधिकाधिक पलीकडे सरकवत नेता येते. बंद जिथे शिवलेला असतो तेथून उसवून दोन बोटे पुढे पक्क्या टाक्यांनी बसवायचा, एवढेच काम असते आणि ते घरी सुईदोऱ्याने होते. हे दोन्ही कुडते मी एक्सएल मापाचे घेतले होते आणि अजून घालते. खांदा उतरण्याचा दोष त्यांनाही चुकलेला नाही, पण तिरक्या गळ्यामुळे आणि वर घेतलेल्या ओढणीमुळे ते तितके जाणवत नाही. बिनबाह्यांची खणाची कोटीही अशीच उपयोगी पडली. आतला कुडता दोन्हीकडे थोडा सैल असला तरी वर उभ्या रेषेची कोटी आली की एकूण रूप बांधेसूद दिसते, आणि कोटीला पुढे बटण नसल्यामुळे मापाचा प्रश्न येत नाही.

कमरेखालच्या कपड्यांत फारसे अवघड काही नाही. सलवारीची नाडी आवळता येते, पण परकराचा जो दोष तोच येथेही आहे, म्हणून सरळ कुडत्याखाली ती घालू नये. पलाझोचे इलॅस्टिक घरीच कमी केले : नेफा, म्हणजे इलॅस्टिक ओवलेली कमरेची पट्टी, मागच्या बाजूला दोन इंच उसवायचा, इलॅस्टिक ओढून हवे तेवढे कापायचे, टोके एकमेकांवर अर्धा इंच ठेवून शिवायची आणि नेफा पुन्हा बंद करायचा. जीन्स आणि ऑफिसच्या पँटची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून सुमारे दोन इंच घेता येते. त्याहून अधिक घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांजवळ येतात आणि पँट बिघडलेली दिसते. लेगिंग्जविषयी लिहिण्यासारखे काही नाही. त्या झिजल्या की बदलायच्या.

ज्यावर काटकसर करू नये अशी एकच गोष्ट मला आढळली, ती म्हणजे अंतर्वस्त्रे. पट्टा सैल झालेली ब्रा आत असेल, तर वरचा कुडता किंवा ब्लाउज कितीही नेमका बसवला तरी पुढून उतरलेलाच दिसतो. ब्रा घेताना ती सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसेल अशी घ्यावी. अंग उतरत जाईल तसे आतल्या हुकांकडे सरकता येते. दर टप्प्यावर दोनच घेतल्या आणि आलटून पालटून वापरल्या, तर तो खर्च अंगावर येत नाही.

सेलमध्ये लहान मापाचा एखादा सुंदर कपडा घेऊन ठेवावा, म्हणजे उत्साह टिकतो, असा सल्ला मैत्रिणींकडून वारंवार मिळाला आणि तो मला अजिबात पटला नाही. अंग सगळीकडून सारख्या प्रमाणात उतरत नाही. माझी कंबर आधी उतरली, दंड कित्येक महिने जसेच्या तसे होते, त्यामुळे मापाच्या पाटीवर विसंबून आधीच घेतलेला कपडा कमरेला बसून बाहीत अडकला असता. ऑनलाइन खरेदीतही हाच प्रश्न येतो. एका संकेतस्थळावरचा एल दुसऱ्याच्या एक्सएलएवढा निघतो, आणि एका विक्रेत्याने तर परत पाठवलेल्या कुडत्याचे पैसे देण्याऐवजी पुढच्या खरेदीसाठी कूपन दिले. त्यानंतर मी मापाचा कपडा दुकानात घालून पाहिल्याशिवाय घेतला नाही. मापाच्या टेपने दर पंधरा दिवसांनी छाती, कंबर, नितंब आणि दंड मोजून लिहून ठेवणे मात्र फार उपयोगाचे ठरले. डॉक्टरांनाही वजनापेक्षा कंबरेच्या आकड्यात अधिक रस होता, कारण आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरपर्यंतची कंबर सुरक्षित मानली जाते. त्यांच्यासाठी लिहिलेला तोच आकडा मी शिंपीकाकांनाही दाखवत असे.

मोठे झालेले कपडे साठवून ठेवू नयेत, पण ते घाईने काढूही नयेत. दोन मापे मागे पडलेले कपडे मी बोहारणीला दिले. जरीच्या साडीला ती चांगले पातेले देते, पॉलिएस्टरच्या कुडत्यांच्या गठ्ठ्याला जेमतेम एक डबा मिळतो, आणि घासाघीस करायला वेळ असेल तरच या व्यवहारात मजा आहे. एक माप मागे असलेले तीन कुडते मात्र कपाटात ठेवले आहेत, कारण सणांच्या महिन्यांत दोन-तीन किलो परत येणे अशक्य नाही.

आता आणखी चार-पाच किलो उतरवायचे आहेत. तोपर्यंत तयार कुडता घेणार नाही. सेलमधून अडीच मीटर मंगळगिरी घेऊन ठेवले आहे, आणि खांदा आजच्या मापाचा, बाजूला एक-एक इंच माया आणि खिसा शिवणीत न घेता वरून लावलेला, असा कुडता संक्रांतीनंतर, शिंपीकाकांची गर्दी ओसरली की शिवायला टाकणार आहे.