सोगो नव्या सर्व्हरवर हलवला: बॅकअप रिस्टोअरचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमची कंपनी शिरोली एमआयडीसीत, कास्टिंगचं काम. मेल, कॅलेंडर, काँटॅक्ट सगळं सोगोवर, म्हणजे ब्राउझरमधून चालणाऱ्या मेल-कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरवर. जुना सर्व्हर डेबियन १० या लिनक्सवर होता, त्याचा एलटीएस (लांब मुदतीचा) सपोर्ट जून २०२४ लाच संपला, तरी चालतंय तोवर चालू दे म्हणत बराच ओढला आणि शेवटी मेलकाऊ या तयार मेल सर्व्हरच्या संचावर गेलो, कारण त्यातही सोगोच आहे, मेल साठवणारा डोव्हकॉट आहे, सगळं डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात) एकत्र बांधून येतं, म्हटलं लोकांना स्क्रीन तरी ओळखीची वाटेल. आता बरेच महिने झालेत, धूळ खाली बसलीय, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सोगो-टूल या सोगोच्याच कमांडने घेतलेला बॅकअप म्हणजे मेलचा बॅकअप नाही. त्यात कॅलेंडर, ॲड्रेसबुक, प्रेफरन्सेस आणि कुणी कुणाला काय शेअर केलंय एवढंच असतं. मेल डोव्हकॉटच्या ताब्यात, ते वेगळं न्यायचं. ऑफिसात "बॅकअप आहे ना?" विचारलं की आपण हो म्हणतो आणि समोरचा मेल धरूनच चालतो.

टूल मात्र झकास आहे हे सांगतो. दर युजरची एक फाइल, नाव म्हणजे युजरचा लॉगिन, आणि आत साधं टेक्स्ट. एडिटरमध्ये उघडली तरी इव्हेंट नि काँटॅक्ट दिसतात, त्यामुळे धीर येतो. रिस्टोअर करताना कमांडला आधी मायनस एल (-l) देऊन फाइलीत कुठले फोल्डर आहेत ते बघायचं, मग मायनस स्मॉल एफ (-f) आणि पुढे फोल्डरचं नाव, किंवा ऑल. स्मॉल एफ फक्त जे गायब आहे तेवढं परत घालतो, कॅपिटल एफ आधी फोल्डर रिकामा करून मग भरतो. चालू सर्व्हरवर कॅपिटलच्या नादाला लागू नका, कालपासून आजपर्यंत युजरने टाकलेलं सगळं जाईल. प्रेफरन्सेससाठी मायनस पी वेगळा.

खरा ताप झाला तो लॉगिनच्या नावाचा. जुन्या सर्व्हरवर लोक नुसतं "परचेस", "अकाउंट्स" असं टाकून लॉगिन करायचे, मेलकाऊत लॉगिन म्हणजे पूर्ण ईमेल ॲड्रेस. म्हणून प्रत्येक फाइलचं नाव बदलून घेतलं आणि मग रिस्टोअर, आणि ज्याचं त्याचं कॅलेंडर, काँटॅक्ट व्यवस्थित आले. पण शेअरिंग! परचेसचं कॅलेंडर स्टोअर्सला दिसायचं, प्रॉडक्शनचं सगळ्यांना दिसायचं, ती परवानगी नि सबस्क्रिप्शन (दुसऱ्याचं कॅलेंडर आपल्या यादीत जोडणं) दोन्ही जुन्या लॉगिनच्या नावाने लिहिलेली, आणि नव्या सर्व्हरवर त्या नावाचा माणूसच नाही. फाइल टेक्स्ट असल्याने शोधा-बदला करायचा मोह होतो, पण तेच नाव इव्हेंटच्या आत आणि ईमेलमध्येही सापडतं, कुठे काय बदललं जाईल भरवसा नाही, त्यामुळे मी शेअरिंग हाताने परत केलं, एकेका डिपार्टमेंटपाशी बसून. कंटाळवाणं, पण त्यात बंद पडलेली कितीतरी जुनी शेअर्सही झडली. फोन आणि थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममधल्या कॅलेंडरच्या पत्त्यातही लॉगिन असतंच, म्हणजे तेही सगळे काढून परत जोडायचे. हे ज्यांना करायचंय त्यांनी वेळेचा अंदाज काढताना डेटापेक्षा फोन मोजा.

फिल्टरचंही असंच. सेटिंगमध्ये फिल्टर दिसतात, पण मेल येतो तेव्हा चालणारी सीव्ह स्क्रिप्ट (फिल्टरचे नियम लिहिलेली फाइल) डोव्हकॉटकडे असते आणि ती आपोआप जात नाही. युजरकडून फिल्टर उघडून एकदा सेव्ह करून घेतले की झालं. साहेबांचा सुट्टीचा ऑटोरिप्लाय आधी तपासा, बाकीचे नंतर!

मेल मेलकाऊच्याच सिंक जॉबने नेले, आत आयमॅपसिंक हा मेलबॉक्स कॉपी करणारा प्रोग्रॅम आहे. जुन्या डोव्हकॉटवर मास्टर युजर (सगळ्यांचे मेलबॉक्स उघडू शकणारं खातं) करून घेतला म्हणजे लोकांचे पासवर्ड मागत फिरावं लागत नाही. मेल नीट येतात, तारखा, वाचलं-न वाचलं सगळं, पण आतले यूआयडी (मेलचे ओळख क्रमांक) नवे पडतात त्यामुळे प्रत्येक आउटलुक आणि थंडरबर्ड पूर्ण मेलबॉक्स परत डाउनलोड करायला बसतो. शनिवारी रात्री करा. आणि "सेंट", "सेंट आयटम्स", "सेंट मेसेजेस" अशी तीन-तीन भावंडं एका मेलबॉक्समध्ये जमतात, ती नंतर एकत्र करावी लागली.

मराठी नावांची मला धास्ती होती, ती फुकट गेली. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) अक्षराला तीनच बाइट मिळतात आणि देवनागरी तीनात बसते, अडतं ते इमोजीचं, त्याला चार लागतात. नव्या डेटाबेसला यूटीएफ८एमबी४ (चार बाइटवालं) असेल तर तोही प्रश्न नाही. असेल का, ते रिस्टोअरच्या आधी बघा.

मेलकाऊचा स्वतःचा बॅकअप स्क्रिप्ट वेगळा आहे, त्यात मेल, डेटाबेस सगळं येतं. त्यात क्रिप्ट म्हणून एक भाग आहे, तो वगळू नका. मेल डिस्कवर एनक्रिप्ट करून ठेवलेले असतात, चावी त्या क्रिप्टमध्ये, चावी नसेल तर मेलच्या फाइली नुसता कचरा. तरीही मी रोज रात्री सोगो-टूलचा बॅकअप वेगळा घेतोच. सोगोसोबत येणारा तयार स्क्रिप्ट एकतीस दिवसांच्या प्रती ठेवतो, तोच थोडा बदलून डॉकरसाठी लावलाय. मागच्या महिन्यात डिस्पॅचच्या एकाने ट्रान्सपोर्टवाल्यांचं अख्खं ॲड्रेसबुक उडवलं, तेव्हा आदल्या रात्रीची त्याची फाइल घेऊन स्मॉल एफने फक्त तेवढा फोल्डर परत आणला, चहा गार व्हायच्या आत. पूर्ण मेलकाऊ बॅकअपमधून हे करायचं म्हणजे डेटाबेस दुसरीकडे उघडून बसा.

अजून एक राहिलंय, सोडून गेलेल्या लोकांची कॅलेंडरं. त्यांच्या फाइली आहेत, पण नव्या सर्व्हरवर त्यांची खाती उघडलेली नाहीत, आणि एकासाठी क्वालिटीवाले अधूनमधून विचारतात. बहुतेक एक "जुने रेकॉर्ड" नावाचं खातं उघडून त्यात घालीन.