रेडी-मिक्स कूलंट: एक उन्हाळा आणि पसरणी घाट झाल्यानंतर

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, मी रेडी-मिक्स (पाणी आधीच मिसळलेलं) घेतलं आणि ते चांगलं निघालं. पण गाडी थंड राहिली त्याचं निम्मं श्रेय मी रेडिएटरच्या झाकणाला देईन, म्हणून हे थोडं लांबणार आहे.

गाडी सेकंड हँड घेतलेली जुनी पेट्रोल हॅचबॅक. रोज साताऱ्यात गोडोली ते एमआयडीसी, सुट्टीला यवतेश्वर-कास, अधूनमधून खंबाटकी ओलांडून पुणे. घेतली तेव्हा कूलंटच्या बाटलीत चहासारखं तांबूस पाणी होतं. आधीच्या मालकानं बोअरच्या पाण्यावर दिवस काढले असावेत. सिस्टिम फ्लश करताना मेकॅनिक म्हणालाच, "दादा, पाणीच टाका की, काय होतंय त्याला!" गंज होतो आणि क्षार बसतात, दुसरं काय.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "हिरवं देऊ का लाल?" या प्रश्नाला अर्थ नाही. रंग हा नुसता डाय, कंपनीगणिक वेगळा. खरा फरक आतल्या गंजरोधक रसायनांचा: एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं असतं, तर दुसरीचं हिरवं ऑरगॅनिक ॲसिडवालं. डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. आयएस 5759, जेआयएस के 2234 किंवा एएसटीएम डी 3306 असं काही मानक (स्टँडर्ड) दिसलं पाहिजे, आणि ते गाडीच्या मॅन्युअलशी जुळलं पाहिजे. जपानी कंपन्या साधारणपणे फॉस्फेट असलेलं, सिलिकेट नसलेलं कूलंट सांगतात. युरोपियन कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा थर जमतो. माझं मॅन्युअल पहिल्या गटातलं, म्हणून तसलंच रेडी-मिक्स घेतलं.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं घट्ट कूलंट, स्वस्त पडतं, हे खरं. पण त्यात डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि डब्यावरचं प्रमाण पाळावं लागतं. कुणाचं एकास एक, कुणाचं एकास तीन. पिण्याचं बाटलीबंद पाणी चालत नाही, त्यातही क्षार असतात. जास्त घट्ट ठेवलं म्हणजे जास्त चांगलं, हाही गैरसमज. कूलंटमधलं मुख्य द्रव्य ग्लायकॉल, आणि नुसतं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. टॉप-अपपुरतं लागणार असेल तर रेडी-मिक्सच बरं. डबा हलवा, ओता, काम झालं.

निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असलेलं मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याला त्याचं काय? वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, तेवढीच आपली थंडी. आपल्या कामाची बाजू वरची. पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर आहे, तिथं उघड्यावर साधं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन चालतं नव्वद अंशांच्या आसपास. म्हणजे नुसतं पाणी आणि ढिलं झाकण घेऊन वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट चढलात तर हातात पाच-सहा अंश उरतात. तेच निम्म्या-निम्म्या मिश्रणाला झाकणाचा दाब धड मिळाला तर उकळबिंदू सव्वाशेच्या पुढे जातो. एप्रिल-मे मध्ये चार माणसं, सामान आणि एसी चालू ठेवून घाट चढलो, काटा नेहमीच्या जागेवरून हलला नाही.

आता झाकण. काही महिन्यांनी सकाळी बॉनेट उघडलं की रेडिएटरचा वरचा पाइप चपटा दिसायला लागला. बाटली मात्र फुलच्या खुणेवर, अगदी निवांत. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. तापल्यावर जादा कूलंट एक बाटलीत सोडतो आणि गार झाल्यावर दुसरा ते परत आत ओढू देतो. माझ्या झाकणाचा दुसरा चिकटला होता. म्हणजे बाटली भरलेली आणि रेडिएटर उणा! नुसती बाटली पाहून "लेव्हल ओके" म्हणणाऱ्यांना हे कळत नाही. झाकण बदललं, पाइप परत गोल झाला. नवं घेताना जुन्यावरचा आकडा बघा, 0.9 किंवा 1.1 असतो, तेवढ्याच दाबाचं घ्या. हे सगळं झाकण रेडिएटरवर असलेल्या गाड्यांचं. ज्यांचं दाबाचं झाकण बाटलीवरच असतं त्यांना बाटलीतली पातळी खरी सांगते.

टॉप-अप सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, लो आणि फुलच्या मध्ये. गरम झाकणाला हात लावायचा नाही, वाफेनं तोंड भाजतं. वाटेत अडकलात तर स्वच्छ पाणी टाकून घर गाठा, मग मिश्रण नीट करून घ्या. पण दर महिन्याला ओतावं लागत असेल तर ओतणं थांबवून गळती शोधा: पाइपच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचं छिद्र, डाव्या सीटसमोरचं ओलं कार्पेट. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर गाडी चालवूच नका.

तक्रार एकच, डब्याचं तोंड वाईट. ओतताना हमखास सांडतं. आणि ग्लायकॉल गोड लागतं, विषारी असतं. गल्लीतली कुत्री चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि डबा पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

डब्यावर पाच वर्षांचं आयुष्य लिहिलंय. मी मात्र तीन वर्षांनीच बदलणार. रेडिएटरचा नळ सोडला तरी इंजिन ब्लॉकमध्ये जुनं पाणी बरंच राहतं, आणि माझ्या गाडीत काय काय राहिलं असेल ते त्या तांबूस बाटलीनं दाखवलंच होतं.