कीवर्ड (लोक गुगलमध्ये टाकतात ते शब्द) शोधायला काय वापरू: प्लॅनर, सर्च कन्सोल की पैसे भरून टूल?

आधी साईट नवीन आहे की जुनी ते बघा, टूलचं मग ठरवू. साईटला वर्षभर झालं असेल आणि थोडेफार लेख असतील तर पहिलं गुगल सर्च कन्सोल (आपली साईट गुगलवर कुठल्या शब्दांना दिसते ते दाखवणारं गुगलचंच टूल) उघडायचं, बाकी सगळं नंतर. आणि साईट गेल्याच आठवड्यात सुरू केली असेल तर कन्सोलमध्ये बघायला काहीच नसतं, तिथे कीवर्ड प्लॅनरच बरा.

प्लॅनर फुकट आहे, पण तो गुगल अ‍ॅड्सच्या आत बसतो आणि बनवलाय जाहिरात देणाऱ्यांसाठी, हे डोक्यात ठेवूनच वापरा. जाहिरातीवर खर्च करत नसाल तर शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो तो आकडा बहुतेक वेळा '१ हजार ते १० हजार' असा ढोबळ दाखवतो, म्हणजे बाराशेवाला शब्द आणि साडेनऊ हजारवाला शब्द एकाच रांगेत, निवडणार कसं? त्याहून मोठा घोळ 'कॉम्पिटिशन' कॉलमचा. तिथे 'लो' दिसलं म्हणून मी सुरुवातीला खूश होऊन एकाच विषयावर चार लेख लिहून बसलो होतो, नंतर कळलं की ती जाहिरातवाल्यांची आपसातली स्पर्धा आहे, गुगलच्या निकालात वर येणं सोपं की अवघड याच्याशी तिचा काही संबंध नाही. पण शब्दांची पहिली यादी काढायला प्लॅनर चांगलाच.

कन्सोलमध्ये मात्र तुमच्याच साईटचा खरा डेटा असतो, १६ महिन्यांपर्यंतचा. माझा 'लॅपटॉप गरम होतो' असा एक लेख होता. क्वेरींच्या (लोकांनी गुगलमध्ये जे टाकलं त्याच्या) यादीत खाली बघितलं तर 'लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर गरम होतो' ही ओळ, इम्प्रेशन्स (निकालात किती वेळा दिसलो ते) भरपूर, क्लिक दोन-चार, सरासरी पोझिशन १२ च्या आसपास म्हणजे निकालांच्या दुसऱ्या पानावर, आणि लेखात चार्जिंग हा शब्दच नाही! लोक विचारतायत वेगळंच, आपण सांगतोय वेगळंच. त्यावर एक वेगळं सबहेडिंग आणि दोन परिच्छेद टाकले, महिनाभरानं तो लेख गुगलच्या पहिल्या पानाच्या तळाशी दिसायला लागला. असे शब्द प्लॅनर सहसा देत नाही, कारण तो मिळतेजुळते शब्द एकत्र करून एकच आकडा देतो. कन्सोलची अडचण एवढीच की तुम्ही जिथे दिसताच नाही ते शब्द तिथे नसतात, आणि फार कमी लोकांनी टाकलेल्या क्वेरी गुगल प्रायव्हसीसाठी लपवतं.

गुगल ट्रेंड्स (शब्दाचा शोध काळानुसार कसा वाढतो-घटतो ते दाखवणारं टूल) दोन शब्दांत टाय झाली की बघायचं, किंवा विषय सीझनचा आहे का ते कळायला. त्यातले ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, १०० म्हणजे शंभर सर्च नव्हेत.

आता एचरेफ्स, सेमरश वगैरे पैसे भरून घ्यायची टूल्स. दुसऱ्याची साईट कुठल्या शब्दांवर येते हे या टूल्समध्ये दिसतं, ते वरच्या तिन्हीत नाही, आणि पैसे खरं तर त्याचेच. डिफिकल्टी स्कोअरवर (शब्दावर वर येणं किती अवघड, याचा टूलनं काढलेला आकडा) मात्र जीव टाकू नका. एचरेफ्सचा स्कोअर मुख्यतः निकालातल्या पहिल्या दहा वेबपेजेसना किती साईट्सनी लिंक दिलीय यावर निघतो, सेमरशचं गणित वेगळं, म्हणून तोच शब्द इकडे सोपा आणि तिकडे अवघड दिसतो. सर्च व्हॉल्यूम, म्हणजे शब्द किती वेळा शोधला जातो तो आकडाही अंदाजच. मी तर शब्द इन्कॉग्निटोमध्ये टाकून बघतो, पहिले दहाही निकाल खरेदीचे निघाले तर स्कोअर कितीही कमी असो, तिथे माहितीपर लेख चालत नाही, सोडून देतो.

पंधरा-वीस लेख होईपर्यंत पेड टूल घेऊच नका. नंतर घेतलंत तर एकच महिना घ्या, दोन-तीन स्पर्धकांच्या याद्या एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि ऑटो-रिन्यू त्याच दिवशी बंद करा. मी विसरलो होतो, तीन महिन्यांनी कार्डाचं स्टेटमेंट बघितल्यावर आठवलं.