अडीचशेच्या पट्ट्यापायी चौदा हजार

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणातल्या गॅरेजवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. चाकरमान्यांच्या आणि गावातल्या जुन्या गाड्या एकदमच दारात येतात, प्रत्येकाला घाई असते. बहुतेक मेस्त्री या दिवसांत रात्री जागून लोकांची कामं करून देतात. काही जण मात्र या घाईचाच धंदा करतात. महामार्गावरच्या अशाच एका गॅरेजने माझ्या बाबांना लुबाडलं. गाडी जुनी, मालक म्हातारा, एवढंच पाहून लुबाडलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

बाबांची वॅगन-आर २००८ सालची, घर मालवणात समुद्राला लागून. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक व्हायचं, डॅशबोर्डचे दिवे मंदावायचे आणि चार वेळा मारल्यावर गाडी चालू व्हायची. हेडलाइटही पिवळट पडले होते. गॅरेजवाल्याने मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी पिन इंजिनला लावली, सेल्फ मारायला सांगितला आणि बाबांना आकडा दाखवला. "बघा काका, आठच्या खाली येते. बॅटरी संपली." नवी बॅटरी, ४,९०० रुपये.

हीच खरी मेख आहे. त्या जागी दिसलेला आकडा नुसत्या बॅटरीचा नसतो, इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतच्या वाटेत पडलेली घटही त्यात येते. त्या वाटेत कुठे गंज असेल तर बॅटरी ठणठणीत असूनही आकडा पडतो. बॅटरी तपासायची तर दोन्ही पिना थेट तिच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवायच्या, क्लॅम्पवरसुद्धा नाही. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास आणि सेल्फ मारताना साधारण दहाच्या वर आकडा राहिला, तर बॅटरीला हात लावायचं कारण नाही.

थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं. आता बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला म्हणे. इंजिन चालू ठेवून त्याने बॅटरीची वायर उपसली आणि गाडी बंद पडल्यावर "बघा, अल्टरनेटर मेलाय" म्हणाला. ही तपासणी नव्हे, घातपात आहे. चालू इंजिनावर बॅटरी तोडली की व्होल्टेजचा झटका बसतो आणि त्यात चांगला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. तुमच्या गाडीला कुणी असं करू लागला तर तिथेच थांबवा. अल्टरनेटर चांगला की वाईट हे मीटरवर कळतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तेवढं दिसलं नाही, तर तोच आकडा अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर पिना टेकवून घ्यायचा. तिथे चौदा आणि बॅटरीवर कमी, म्हणजे दोष वाटेतला.

"नवीन" अल्टरनेटरचे ९,२०० घेतले. जुना परत दिला नाही, बिल साध्या चिठ्ठीवर. तिसऱ्या वेळी त्याने ईसीएमचं काढलं. "नंबर एमएच-०८ चा, म्हणजे रत्नागिरीचा आहे, गाडी चिपळूणच्या पुरात बुडाली असणार. बावीस हजार लागतील." पूर जुलै २०२१ चा. ही गाडी त्याच्या कितीतरी आधीपासून मालवणात आमच्या अंगणात उभी आहे. बाबांनी तिथून गाडी काढली आणि मला सांगितलं.

बंदराजवळ एक जुने वायरमन आहेत. त्यांनी पार्टचं नावही घेतलं नाही. मला सेल्फ मारायला लावला आणि स्वतः अ‍ॅक्सिलरेटरची केबल चिमटीत धरली. केबल गरम! सेल्फचा करंट इंजिन बॅटरीच्या मायनसला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्यातून जायचा, तो वाट मिळेल तिथून परतत होता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर ठेवली आणि पुन्हा सेल्फ. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं तिथे अडीच दिसलं. "हो पट्टो बघा, कुसलो हा," म्हणाले. गिअरबॉक्सला बसणारा तांब्याचा विणलेला पट्टा वरून काळपट, पण वाकवल्यावर आतून हिरवी पूड गळली आणि तारा हातात तुटल्या. खाऱ्या हवेत हे होतंच. जम्पर केबलचं एक टोक मायनसला, दुसरं इंजिनला लावलं आणि गाडी एका झटक्यात चालू. नवा पट्टा, जागा घासून साफ, वरून पेट्रोलियम जेली, मजुरीसकट अडीचशे रुपये.

त्यांनीच तो "नवीन" अल्टरनेटर दाखवला. वर चंदेरी स्प्रे ताजा, पण फटींमध्ये जुनं काळं ऑइल, बोल्टच्या गंजावरूनच रंग मारलेला, आणि कंपनीची पट्टी खरवडलेली. इथे मेस्त्रीचं अज्ञान म्हणून सोडून द्यायला जागा उरत नाही.

इंजिन तापण्याच्या बाबतीतही असाच खेळ चालतो. फोंडा किंवा आंबोली घाटात काटा वर गेला की "हेड गॅस्केट गेलं" सांगून इंजिन उघडतात. आधी रेडिएटरचा फॅन फिरतो का बघा; बहुतेक गाड्यांत एसी लावला की तो फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले तपासायला लावा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर नाही आणि कूलंट कमी होत नाही, तर इंजिन उघडायला होकार देऊ नका. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कुणी सांगितलं तरी उघडू नका.

आम्ही सगळ्या आकड्यांचे आणि त्या अल्टरनेटरचे फोटो काढले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, हे गॅरेजवाल्याला ऐकवल्यावर त्याचा आवाज खाली आला. अल्टरनेटरचे पैसे परत मिळाले, बॅटरीचे नाहीत. आमचा मूळ अल्टरनेटर अजूनही त्याने दिलेला नाही. तो रंगवून आणखी कुणाच्या गाडीत बसवला असणार. तेव्हा या भागात कुणी नुकताच "नवीन" अल्टरनेटर बसवून घेतला असेल, तर बॉनेट उघडून त्याच्या फटीत एकदा टॉर्च मारा.