दहिवराचे फोटो आणि ९० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स : दोन हिवाळ्यांचा अनुभव

ग्वाल्हेरात मुरारपलीकडे आमचे घर आहे आणि घरामागे चार वाफ्यांची परसबाग आहे. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मोजक्या काही पहाटे तिथे मेथी, कोबी आणि वाटाण्यावर पांढरे दहिवर, म्हणजे गोठलेले दव, धरते. शेजारी त्याला हिंदीत 'पाला' म्हणतात, आणि इथल्या मराठी घरांतही आता तोच शब्द रुळला आहे. या पहाटांचे फोटो नीट यावेत एवढ्याच हेतूने मी ९० मिलिमीटरची, वस्तू तिच्या मूळ आकाराइतकी सेन्सरवर उमटवणारी, म्हणजे १:१ प्रमाणाची मॅक्रो लेन्स घेतली. तिला आता पंधरा महिने झाले. पहिल्या हिवाळ्यात दहिवराच्या तीन पहाटा मिळाल्या, दुसऱ्यात पाच. त्यामुळे माझे मत या आठ पहाटांवर आणि एरवी घेतलेल्या दवाच्या फोटोंवर आधारलेले आहे.

लेन्सच्या स्पष्टतेबद्दल तक्रारीला जागाच नाही. मेथीच्या पानाच्या कडेला उभे राहिलेले बर्फाचे काटे एकेक मोजता येतात. अडचण आहे ती अंतराची. १:१ प्रमाणात फ्रेममध्ये जेमतेम ३६ बाय २४ मिलिमीटरचा तुकडा मावतो आणि त्यासाठी लेन्सचे तोंड पानापासून बारा-तेरा सेंटीमीटरवर न्यावे लागते. इतक्या जवळून माझा श्वास थेट पानावर जात असे आणि ज्या काट्यांसाठी मी वाकले होते तेच डोळ्यांदेखत वितळत असत. पहिल्या पहाटेच्या दीडशेच्या आसपास फोटोंपैकी नऊ ठेवण्याजोगे निघाले. अमेरिकेतील व्हर्माँटच्या विल्सन बेंटली यांनी १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा आपला पहिला सूक्ष्मदर्शकी फोटो घेतला आणि पुढे पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. उघड्या थंडीत त्यांनी केवढा संयम राखला असेल, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले.

शिवाय १:१ वर लेन्सचे छिद्र लहान करून एफ/८ ठेवले तरी स्पष्ट दिसणारी खोली सुमारे एक मिलिमीटरच असते, आणि वाटाण्याच्या वेलीचा ताणा तर त्याहून कितीतरी अधिक वळलेला असतो. म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात मी निम्म्या प्रमाणावर, १:२ वर, आले. खोली तिप्पट झाली, अंतर वाढले, श्वासाचा उपद्रव थांबला, आणि माझे सर्वांत चांगले फोटो याच प्रमाणातले आहेत. ज्यांना केवळ पूर्ण मोठेपणासाठी अशी लेन्स घ्यायची आहे त्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. हातातली थरथर झेलणारी सोय इतक्या जवळून फारशी उपयोगी पडत नाही. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि हाताने केलेला फोकस, यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दहिवर कधी धरेल याचा अंदाज आदल्या संध्याकाळीच बांधावा लागतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पाने आपली उष्णता वर सोडत जातात व हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून तापमापी ३ अंश दाखवत असतानाही जमिनीलगत बर्फ दिसतो. दाट धुक्याच्या रात्री मात्र तीच उष्णता अडून राहते आणि सकाळी पानांवर नुसते पाणी असते. आमच्या आत्या अशा रात्रींआधी वाफ्यांना हलके पाणी देतात, कारण ओली माती उष्णता अधिक धरून ठेवते, आणि तुळशीवर जुने धोतर पांघरतात. मी विनंती केल्यावर त्यांनी मेथीचा एक वाफा माझ्यासाठी कोरडा ठेवला. माझ्या बहुतेक फोटोंतली मेथी त्याच वाफ्यातली आहे, आणि त्या वाफ्याची भाजी त्यांनी माझ्यापायी सोडली याची मला जाणीव आहे.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी खिशात, अंगाशी ठेवावी. घरात येण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून तासभर तसाच राहू द्यावा, नाहीतर उबदार खोलीतली वाफ थंड काचेवर धरते.

एडिटिंग मी डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये करते. ते मोफत आहे आणि रॉ फाइलसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोसाठी, मला पुरेसे पडते. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला राखाडी करू पाहतो, त्यामुळे फोटो घेतानाच एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवलेले बरे. मात्र हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकू देऊ नये, कारण काट्यांची जळालेली टोके नंतर परत मिळत नाहीत. पहिल्या वर्षी मी व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगछटा जुळवणाऱ्या सोयीने, सगळा निळेपणा काढून टाकला आणि पानांचे उठाव भरपूर वाढवले. परिणामी दहिवर मिठासारखे, कोरडे दिसू लागले. सूर्य वर येण्यापूर्वी सावलीतल्या पानांवर आकाशाचाच निळा प्रकाश असतो, तो त्या वेळेचा खरा रंग आहे. आता मी तो थोडा उतरवते, पुसत नाही, आणि उठाव फक्त पानाच्या कडेपुरता, मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) वाढवते. सात वाजून गेल्यावर ऊन वाफ्यावर येते, तेव्हा एकाच पानावर निळी सावली आणि पिवळी कड मिळते. ही पंधरा मिनिटे मला सर्वांत मोलाची वाटतात. वेगवेगळ्या फोकसचे दहा-बारा फोटो जोडण्याचा प्रयोग कोबीच्या पानावर जमला, ताण्यावर कधीच जमला नाही, कारण बर्फ सुटू लागला की ताणा हलतो आणि जोडलेल्या चित्रात त्याच्या दोन कडा दिसतात.

लेन्स मी ठेवणार आहे. उन्हाळ्यात ती मोगऱ्याच्या कळ्यांसाठी आणि पावसाळ्यात शेवाळासाठी वापरली, तिथे १:१ प्रमाण निर्धास्तपणे वापरता आले. पुढच्या हिवाळ्यासाठी आत्यांनी मेथीसोबत कोथिंबिरीचीही एक ओळ उघडी ठेवण्याचे कबूल केले आहे.