जांभळी नाक्याजवळचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान

सासूबाईंच्या मिक्सरची ‘मोटर जळलीय, नवीनच घ्या’ असं सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने हात वर केले होते. म्हणून ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारामागच्या या दुकानात गेले. दुकान कसलं, खोकंच ते! काकांनी मिक्सर उघडला, वास घेतला आणि म्हणाले, "वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, शाबूत आहे ताई, कार्बन संपलेत." झिजून नखाएवढे उरलेले दोन कार्बन ब्रश (फिरत्या मोटरला वीज पोचवणारे तुकडे) हातावर ठेवले, नवे बसवले आणि जुने मलाच दिले. मिक्सर सुरू!

माझ्यामागच्या आजींचा मिक्सर तर त्यांनी नुसता उलटा केला, तळाचं लाल ओव्हरलोडचं बटण (जास्त भार आला की मिक्सर बंद पाडणारं) दाबलं आणि परत दिला. पैसे नाहीत. उलट, जार गच्च भरू नका, बंद पडला तर आधी थंड होऊ द्या, मग बटण दाबा, असं शिकवून पाठवलं.

"असं शिकवलंत तर धंदा कसा चालायचा?" मी विचारलंच. "पोटापुरतं मिळतं. चांगली मोटर भंगारात गेलेली बघवत नाही, म्हणून तर नोकरी सोडून इथे बसलो." वस्तू फेकण्याऐवजी दुरुस्त करून वापरता याव्यात म्हणून सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल २०२२ मध्ये आलं; हे काका त्याच्या कितीतरी आधीपासून तेच करतायत.

तक्रारी आहेतच. वेळ पाळत नाहीत, ‘संध्याकाळी या’ म्हणजे उद्या समजायचं. फोन उचलत नाहीत. आणि गाडी घेऊन तर जाऊच नका, स्टेशनवरून चालत जा.