इनव्हिड-वीव्हेरिफाय: माध्यमांच्या वर्गातले पडताळणीचे साधन

पदवीच्या वर्गात जनसंज्ञापन शिकवताना ‘खोट्या बातम्या’ हा घटक बहुधा व्याख्या, प्रकार आणि परिणाम यांच्या टिपणांतच अडकून पडतो. अजाणता पसरलेली चुकीची माहिती आणि हेतुपुरस्सर पसरवलेली खोटी माहिती यांतला फरक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत नेमका लिहितात. मात्र समोर आलेला एखादा व्हिडिओ खरा की खोटा हे तपासायला सुरुवात कुठून करायची, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी मी वर्गात जी साधने वापरली, त्यांत इनव्हिड-वीव्हेरिफाय हे क्रोम ब्राउझरमध्ये बसणारे मोफत प्लगइन मला सर्वांत उपयुक्त वाटले. युरोपीय संघाच्या निधीवर चाललेल्या संशोधन प्रकल्पांतून ते तयार झाले, एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेचा त्यात मोठा वाटा आहे आणि २०१७ पासून ते सर्वांना उपलब्ध आहे.

त्याचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे व्हिडिओचे ‘की-फ्रेम’मध्ये विभाजन. व्हिडिओची लिंक दिली की प्लगइन त्यातील प्रत्येक दृश्यबदलाचे स्थिर चित्र वेगळे काढून समोर मांडते आणि त्यांपैकी कोणत्याही चित्रावरून उलटा शोध, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे आले होते याचा शोध, घेता येतो. वर्गात याचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणावरून पाहू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांची हत्या केली. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. त्या काळात देशभर मुले पळवण्याच्या अफवांबरोबर जे व्हिडिओ फिरत होते, त्यांतील एकात मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलून नेताना दिसत. मूळ चित्रफीत कराचीतील रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. अफवा पसरवणाऱ्यांनी नेमका हा शेवट कापला होता. वर्गात कापलेली फीत आधी दाखवावी, तिच्या की-फ्रेम काढायला लावाव्यात आणि मूळ फितीपर्यंत विद्यार्थ्यांना स्वतःच पोहोचू द्यावे. संपादनातील एक कात्री अर्थ कसा उलटा करते, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. राईनपाड्याची घटना मात्र शिक्षकाने गांभीर्याने आणि मृतांच्या प्रतिष्ठेचे भान ठेवून मांडली पाहिजे. हत्येची दृश्ये वर्गात दाखवण्याचे काहीही कारण नाही.

छायाचित्रांसाठीची सोय याहून सोपी आहे. पानावरील चित्रावर उजवी कळ दाबली की गूगल, बिंग, यांडेक्स, टिनआय अशा वेगवेगळ्या शोधयंत्रांवर एकाच वेळी शोध घेता येतो. प्रत्येक यंत्राचे निकाल वेगळे येतात, हीच गोष्ट विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगी आहे. टिनआयवर निकाल ‘सर्वांत जुना आधी’ या क्रमाने लावता येतात, त्यामुळे कालच्या पुराचे म्हणून आलेले चित्र कित्येक वर्षांपूर्वीचे असल्याचे क्षणात उघड होते. मात्र तिथे दिसणारी तारीख ही त्या यंत्राला ते चित्र प्रथम सापडल्याची असते. ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याची असेलच असे नाही. हा बारकावा शिक्षकाने आवर्जून सांगावा.

प्रतिमेतील फेरफार शोधणाऱ्या ‘फॉरेन्सिक’ विभागाबाबत मी सावधगिरीचा सल्ला देईन. तेथील गाळण्या (फिल्टर) चित्रावर रंगीत ठिपके आणि उजळ पट्टे दाखवतात, आणि नवशिके विद्यार्थी प्रत्येक उजळ भागाला बनावटीचा पुरावा समजतात. प्रत्यक्षात मजकुराच्या कडा, ठळक रेषा आणि पुन्हापुन्हा साठवलेले चित्र यांमुळेही असे भाग उजळतात. शिवाय आपल्याकडे शंकास्पद चित्रे बहुतांशी व्हॉट्सअॅपवरून येतात. तिथे पाठवताना छायाचित्राचे आकारमान घटवले जाते आणि ते कधी, कोणत्या कॅमेऱ्याने टिपले ही दडलेली माहिती पुसली जाते, म्हणून मेटाडेटा वाचणारे साधनही अशा चित्रांपुढे हतबल ठरते. पदवीच्या पहिल्या वर्षाला हे दोन्ही विभाग न शिकवणेच बरे. काही प्रगत सुविधांसाठी पत्रकार, पडताळणीकार किंवा संशोधक म्हणून नोंदणी करावी लागते. पदवीच्या वर्गाचे त्यावाचून काही अडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये अशी प्लगइन चालत नाहीत आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे मोबाइल हाच एकमेव संगणक असतो. म्हणजे हे प्रात्यक्षिक संगणक कक्षाची वेळ मिळाल्याखेरीज होत नाही आणि घरी सरावाला चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्ससारख्या साधनांचाच आधार उरतो. त्यातच प्लगइनचा पडदा मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी शिक्षकाने त्यातील बटणांचे एक पानी मराठी टिपण आधीच हाती द्यावे, म्हणजे पहिली तासिका इंग्रजी शब्द उलगडण्यात जात नाही.

या मर्यादा धरूनही मी हे साधन वर्गासाठी निवडतो, कारण ते खरे-खोटे असा निकाल देत नाही, केवळ पुरावे समोर ठेवते आणि निष्कर्षाची जबाबदारी विद्यार्थ्यावर सोडते. खरे काय हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाकडे वर्ग इथूनच वळतो. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी तथ्य-पडताळणी कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवली. पडताळणीचे काम स्वतः केलेले विद्यार्थी या निकालावर केवळ पुस्तक वाचलेल्यांपेक्षा कितीतरी नेमके बोलतात. अंतर्गत मूल्यमापनासाठी मी निष्कर्षाला कमी आणि शोधाच्या नोंदवहीला जास्त गुण ठेवतो: कोणती फ्रेम निवडली, कोणत्या यंत्रावर काय सापडले, कोणता पुरावा अपुरा वाटला आणि का. ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा कारणांसह लिहिलेला निष्कर्षही पूर्ण गुणांना पात्र धरावा.